सगुणाक्काची एक्केचाळीस हजार पावलं

एका रानात एक राजा होता. राजा होता म्हणून रानात प्रजाही होती, नाहीतर नुसते प्राणी असते. राजाचं नाव केसरभान. तो सिंह होता आणि दिवसातले वीस तास झोपायचा. उरलेले चार तास तो राज्य करायचा. महाराज झोपलेले असले की राज्य जरा बरं चालतं, यावर प्रजेचं एकमत होतं, पण ते कुणी बोलून दाखवत नसे.

एकदा झेंडावंदनाला महाराज सिंहासनाच्या खडकावर चढले आणि त्यांना धाप लागली. भाषणाची सुरुवात ‘माझ्या प्रिय प्रजाजनहो’ अशी होती, ती ‘माझ्या प्रि...’ इथेच संपली. महाराजांना गहिवरून आलं असं समजून खालच्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी मंत्रिमंडळ बसलं आणि प्रजेला व्यायामाची नितांत गरज असल्याचं ठरलं. राजाला धाप लागली की प्रजेने पळायचं, ही राज्यकारभाराची जुनीच रीत आहे.

योगायोग पाहा. त्याच आठवड्यात महाराजांच्या मेहुण्याने डोंगरापलीकडून हुशार पट्ट्यांच्या पोत्यांची थप्पी आणून ठेवली होती. पट्टा पायात बांधायचा. तो पावलं मोजायचा, छातीचे ठोके मोजायचा, झोप मोजायचा आणि फार वेळ बसलात तर थरथरून ‘कृपया उठा’ म्हणायचा.

आरोग्यमंत्री होते हसमुखराव तरस. दुष्काळ पडो वा वणवा लागो, त्यांचं हसू काही हलत नसे. ते खडकावर उभे राहिले.

“बंधूंनो आणि भगिनींनो! आपले वाडवडील चालले, आपण चाललो. पण कुणी मोजलं का?”

“नाही!” प्रजा ओरडली.

“मग चाललो कशावरून?”

‘मोजाल तर वाढाल!’ अशी घोषणा तीनदा झाली आणि फर्मान निघालं. प्रत्येकाने रोज दहा हजार पावलं चालायची. पट्टा आंघोळीलासुद्धा काढायचा नाही. आणि अमावस्येपर्यंत जो बसलेला आढळेल, त्याची बसायची जागा सरकारजमा होईल.

हे शेवटचं कलम सगुणाक्काने दोनदा विचारून घेतलं.

सगुणाक्का म्हैस होती आणि तिचा एक डोह होता. डोह म्हणजे काय, कमरेएवढं पाणी आणि खाली लोण्यासारखा चिखल. पण म्हशीला घाम बेताचाच येतो. उन्हात चार घटका चिखल मिळाला नाही तर तिची कातडी तडतडते आणि डोकं फिरतं. हे तिच्या आईला ठाऊक होतं, आजीला ठाऊक होतं, पट्ट्याला मात्र ठाऊक नव्हतं.

शिपाई कोल्हा पट्टा घेऊन आला. पट्टा तिच्या पायात बसेना, शिंगात टिकेना. शेवटी त्याने तो तिच्या कानाच्या बुडाशी, जबड्याला टेकेल असा आवळला आणि म्हणाला, “सही करा.”

“बाबा रे, मला कशाला हे?” सगुणाक्का म्हणाली. “तहान लागली की मी पिते, झोप आली की झोपते. ते सांगायला कानाशी आणखी एक कशाला?”

“आक्का, तुम्हाला काय होतंय ते तुम्हाला कसं कळणार?” कोल्हा म्हणाला. “तुम्ही काय तज्ज्ञ आहात?”

तिच्या पाठीवर विसूभाऊ बगळा बसलेला असे. त्याचं पोट तिच्या अंगावरच्या माश्यांवर चालायचं, त्यामुळे तिच्या तब्येतीत त्याला खरीखुरी आस्था होती. “घाला हो आक्का,” तो म्हणाला. “नारबाला बघा कसा गुण आलाय.”

खोटं कशाला बोला, नारबा अस्वलाला गुण आला होता. आठवडाभर चालून त्याचं पोट जमिनीवरून उठलं. एकदा पट्ट्याने त्याच्या छातीची धडधड वेळेवर दाखवली आणि वैद्याने त्याला मरता मरता वाचवलं. तेव्हापासून नारबा पट्ट्याला रोज फूल वाहू लागला. इथवर ठीक होतं. पण पुढे तो सकाळी ताजातवाना उठायचा, पट्ट्यावर ‘झोप असमाधानकारक’ असं वाचायचा आणि दिवसभर जांभया देत फिरायचा. “मला वाटलं छान झोप झाली,” तो डोळ्यांत पाणी आणून सांगायचा, “बरं झालं, पट्ट्याने सावध केलं.”

दुसऱ्या दिवशी सगुणाक्का डोह सोडून चालायला निघाली. ऊन टळटळीत होतं. ती म्हशीच्या चालीने चालली, म्हणजे मान स्थिर, कान स्थिर आणि घाई कशाचीच नाही. दुपारपर्यंत तिने सगळं माळरान पालथं घातलं. पाठीला भेगा पडल्या. विसूभाऊने वाकून पट्टा वाचला आणि घसा खाकरला.

“किती?”

“एकशे बारा.”

सगुणाक्का तिथेच उन्हात रडली. डोह जाणार हे तिला लख्ख दिसलं. मग जे व्हायचं ते होवो म्हणत ती परत आली, चिखलात धप्पकन बसली आणि सकाळी खाल्लेल्या चाऱ्याचा रवंथ करू लागली. दुःख असो, सुख असो, म्हैस रवंथ सोडत नाही. जबडा हलत राहिला, त्याच्यासोबत कान हलत राहिला आणि कानाशी पट्टा.

सूर्य कलल्यावर विसूभाऊ पाठीवरून पाण्यात पडला.

“आक्का! एक्केचाळीस हजार!”

तिसऱ्या दिवशी सेहेचाळीस हजार झाली. चौथ्या दिवशी दरबाराचं बोलावणं आलं. गुन्हा गंभीर होता. महाराजांची रोजची पावलं होती एकोणीस हजार. महाराजांचा पट्टा एका खारीच्या पायात होता हे सगळ्या रानाला माहीत होतं, पण खार तरी बिचारी किती पळणार? आणि राजापेक्षा जास्त चालणारी प्रजा म्हणजे उघड बंड.

सगुणाक्का दरबारात उभी राहिली. केसरभान महाराज नुकतेच झोपेतून उठले होते.

“बाई,” हसमुखराव हसत म्हणाले, “खरं सांगा. परकीय शक्तींचा हात आहे का?”

“नाही साहेब.”

“मग एवढं चालता कुठे?”

“चालत नाही साहेब. बसते.”

दरबारातले सगळे कान तिच्याकडे वळले.

“डोहात बसते आणि रवंथ करते. चालले होते एकदा, तर एकशे बारा भरली. त्या पट्ट्याला काही कळत नाही साहेब. माझं मला कळतं. माझा डोह तेवढा घेऊ नका, उन्हात मी मरेन.”

एवढं खरं त्या दरबारात बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं. आता पट्टा खोटा ठरणार, पोती परत जाणार, मेहुणे तोंडघशी पडणार, असं सगळ्यांना वाटलं. मेहुणे तर दाराकडे सरकूही लागले होते. पण हसमुखराव उगीच मंत्री झाले नव्हते. ते क्षणभर हसायचे थांबले, आणि मग दुप्पट हसले.

“महाराज! सापडलं! शेजारची राज्यं चालून चालून मेली, तरी दहा हजारांपुढे सरकली नाहीत. आणि आपल्या एका साध्या भगिनीने बसल्या जागी प्रगती करून दाखवली!”

“बसल्या जागी?” महाराजांनी पहिल्यांदाच दोन्ही डोळे उघडले.

“उठायचंसुद्धा नाही, महाराज.”

महाराजांना या योजनेत देशाचं भवितव्य दिसलं.

दुसऱ्याच दिवशी ‘राष्ट्रीय रवंथ अभियान’ सुरू झालं. सगळ्यांचे पट्टे पायातून सोडून कानाशी बांधण्यात आले. महाराज चघळू लागले, मंत्री चघळू लागले. राजा बोले, दळ हाले. रवंथाला चार कप्प्यांचं पोट लागतं आणि आधी पोटात काही असावं लागतं, या तांत्रिक बाबी समितीकडे पाठवल्या. लांडगे रिकामं तोंड चघळत होते. साप तर काहीच चघळत नाही, त्याने नुसता जबडा उघडमीट करून तीस हजार काढले. ससे पळायचे थांबले. नारबाचं पोट पुन्हा जमिनीला टेकलं, पण पट्ट्यावर त्याची प्रकृती अत्युत्तम होती, म्हणून तो आनंदाने रडायचा. म्हातारा साळिंदर रवंथ करता करता वारला. शेजाऱ्याने त्याचा पट्टा आपल्या दुसऱ्या कानाला बांधला, आणि साळिंदर मेल्यानंतरही रोज बावीस हजार चालत राहिला. त्याला उत्कृष्ट नागरिक म्हणून मानपत्र मिळालं.

आता अशी प्रगती नेमकी करायची कुठे, हा प्रश्न आला. तज्ज्ञांनी अहवाल दिला की यश डोहात मिळालं, तेव्हा गुण डोहाचा असला पाहिजे. झालं! पहिल्यांदा महाराज उतरले. मग मंत्रिमंडळ, मग मेहुणे, मग त्यांचे मेहुणे. सगुणाक्का पुढाकार घेणारी म्हणून तिला पहिल्या दिवशी मधोमध बसवून हार घातला. दुसऱ्या दिवशी ती कडेला आली. तिसऱ्या दिवशी तिचं निम्मं अंग बाहेर उन्हात होतं. चौथ्या दिवशी काठावर पाटी लागली: ‘प्रगती डोह. निमंत्रितांसाठी.’

“अहो, पण डोह माझा आहे!” ती हसमुखरावांना म्हणाली.

“तुमचाच आहे, भगिनी,” चिखलातून तोंड वर काढत हसमुखराव म्हणाले. “म्हणून तर आम्ही तो देशाला अर्पण केला.”

“आणि मी कुठे बसू?”

“तुम्ही तर प्रेरणा आहात. प्रेरणेला कुठे बसायला लागतं?”

सगुणाक्काला असा संताप आला की तिने शिंग खाली घातलं. पण समोर सगळं राज्य डोळे मिटून, जबडे हलवत, इतकं सुखात बसलं होतं की मारावं कुणाला हेच तिला कळेना. तिने शिंग वर केलं आणि पाठ फिरवली.

“विसूभाऊ, नदी किती लांब?”

“सरहद्दीपलीकडे. तीन कोस असेल. उन्हात झेपेल?”

“इथे राहिले तर नक्की नाही झेपणार. चल.”

ती चालू लागली. विसूभाऊ पंख पसरून तिच्या मानेवर सावली धरत होता, जेवढी बगळ्याची पडते तेवढी. दोन कोसांवर तिचे गुडघे टेकले. ती उठली. कानाशी पट्टा थरथरला आणि म्हणाला, “आपण बराच वेळ बसून आहात. कृपया उठा.” तिसऱ्या कोसाला पाण्याचा वास आला आणि ती चक्क धावली. म्हैस धावते तेव्हा दिसते फार वाईट, पण ती पोचली. नदीत तिने मानेपर्यंत अंग टाकलं आणि अशी खदखदून हसली की मासे पळाले. तिने काठावरच्या बाभळीला कान घासला, पट्टा तुटला आणि वाहून गेला.

त्या संध्याकाळी राज्यात दवंडी पिटली गेली. आज आपल्या राज्याने चालण्याचे सर्व विक्रम मोडले असून शेजारची राज्यं कुठल्या कुठे मागे पडली आहेत. तसंच, एक आळशी म्हैस देश सोडून गेल्यामुळे सरासरी आणखी सुधारली आहे.