रेडिओ कोण ऐकत होतं?

आंबोलीचं धुकं असं, की समोरचा माणूसही स्वप्नात भेटल्यासारखा वाटावा. त्या धुक्यात दाजीसाहेब तेरणीकरांची गाडी सकाळी काही केल्या सुरू होत नसे. "भिवा ड्रायव्हर रात्रभर गाडीत रेडिओ ऐकतो, बॅटरी उतरवतो," म्हणत साहेबांनी त्याला काढून टाकलं. बॅटरी चार्ज करून आणली, आठ दिवस झाले, तरी गाडी गप्पच.

शेवटी अंतोन मेस्त्री आला. झोपलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा एकेका वायरीला हात लावत गेला. स्टार्टरच्या वायरी जोडणारा कपलर चिरला होता. आत दव शिरून पितळ हिरवं पडलं होतं. त्याने नवा बसवला आणि गाडी एका हाकेत जागी झाली.

फाटकापाशी धुक्यात भिवा उभा होता. अंतोनने साहेबांकडे पाहिलं.

"त्याला परत घेणार नाही," साहेब गुरगुरले. "रेडिओ ऐकायचाच तो!"

"आठ दिवस किल्ली कुणाकडे होती, साहेब?"

"माझ्या उशाखाली! दुसऱ्या कुणाची हिंमत आहे हात लावायची?"

"मग गाडी आठ दिवस बंद होती, तेव्हा रेडिओ कोण ऐकत होतं?"

साहेबांनी किल्ली फाटकाच्या दिशेने पुढे केली.