कन्येच्या हातातली ओंबी

त्या वर्षी चैत्र उजाडला तेव्हा मथुरेच्या घरात गव्हाचा एक दाणा नव्हता. दाणा नव्हता म्हणून लापशी नव्हती, आणि लापशी नव्हती म्हणून तिच्या आईला, सगुणाबाईंना, उशीवरून मान उचलणेसुद्धा जड जात होते. माघातल्या तापाने त्यांच्या अंगातली सारी शक्ती शोषून घेतली होती. वैद्यबुवा शांतपणे म्हणाले होते, "औषध पुरे झाले. आता रोज वाटीभर गव्हाची लापशी पोटात गेली पाहिजे. नाहीतर या अशाच निजून राहतील."

मथुरा अवघी नऊ वर्षांची. घरात मिळवते माणूस दुसरे कोणी नव्हते. म्हणून ती रोज दुपार कलली की सरवा वेचायला जाई. गव्हाची कापणी झाली, पेंढ्या खळ्यावर गेल्या, की मोकळ्या रानात ज्या चुकार ओंब्या पडून राहतात, त्यांना सरवा म्हणतात. तो वेचण्याचा हक्क गरिबाचा. पडलेले वेचील त्याचे, असा नियम; मात्र पेंढीला हात लावायचा नाही आणि दिवस मावळल्यावर एकही ओंबी उचलायची नाही. मथुरेने हा नियम कधी मोडला नव्हता.

"काय गं मथुरे, आमच्या उंदरांच्या तोंडचा घास पळवायला आलीस?" हैबती राखणदार बांधावरून म्हणाला.

"उंदरांना खळ्यावर रास पडली आहे, काका. त्यांचं तुम्ही बघा, माझं मी बघते."

"जीभ मात्र विळ्यासारखी आहे हो. पेंढीला तर नाही ना हात लावलास?"

"लावला असता तर ओटी अशी असती का?" मथुरेने ओटी उलगडून दाखवली. तीत अकरा ओंब्या होत्या. हैबती खाकरला आणि दुसरीकडे पाहू लागला.

सूर्याची केशरी कड टेकडीआड जाता जाता तिला धसकटांत आणखी एक ओंबी दिसली. तिने ती चटकन उचलली, ओटीत टाकली आणि घराची वाट धरली.

पश्चिमेचा केशरी रंग गुलाबी झाला, गुलाबी रंग जांभळा झाला. मग निळ्या मखमलीवर कोणी हळूच मोगऱ्याच्या कळ्या मांडाव्यात, तशा इवल्या इवल्या चांदण्या उमलू लागल्या. मथुरेची नजर सवयीने पूर्वेकडे गेली. आई बरी होती तेव्हा अंगणात बसून तिला आकाश दाखवीत असे. "ती बघ कन्या रास. कन्या नावेत उभी आहे. एका हातात दिवा आणि एका हातात धान्याची ओंबी. आधी तिचा हात उगवतो. पाच बोटांच्या पाच चांदण्या, तेच हस्त नक्षत्र. मग मागून येते हातातली ओंबी. ती चित्रा. किती शुभ्र, किती स्वच्छ! तिच्याच नावावरून या महिन्याला चैत्र म्हणतात, आणि या महिन्यातला पुनवेचा चंद्र तिच्या घरी पाहुणा जातो."

मथुरेला सबंध आकाशात एवढे सुंदर दुसरे काहीच वाटत नसे. पण आज हाताच्या पाचही चांदण्या वर आल्या, तरी हात रिकामाच होता. ती थांबली. तेवढ्यात तिच्या ओटीतून निळसर रुपेरी उजेड झिरपू लागला.

तिने भीतभीत ओटी उघडली. अकरा ओंब्या पिवळ्या होत्या. बारावी चमचमत होती. तिच्या दाण्यादाण्यात दवबिंदूएवढी ज्योत होती, कुसे चांदीच्या तारांसारखी लखलखत होती, आणि देठापाशी बोटभर उंचीची एक परी गुडघ्यांत मान घालून बसली होती. तिचे पंख गव्हाच्या तुसाहून पातळ होते.

"रडू नका, परीताई," मथुरा म्हणाली. "कुठे लागलं का?"

"लागलं नाही. शरम वाटते," परी नाक पुसत म्हणाली. "ओंबीची राखण माझ्याकडे आहे. तुमची कापणी पाहायला कन्या नावेतून जरा जास्तच वाकली, आणि मी नेमकी डुलकी काढत होते."

"मला ती आमच्या गव्हाचीच वाटली. घ्या ना परत."

"मला उचलता येत नाही. पडलेलं वेचील त्याचं, हा नियम वरच्या शेतातही आहे. ओंबी आता तुझी. तू आपल्या हाताने दिलीस तरच ती वर जाईल." परीने मान वर केली. "आणि खरं ते सांगितलंच पाहिजे. यात सत्तावीस दाणे आहेत. एक दाणा तोडलास की तुझी एक इच्छा पुरी होईल, लगेच."

मथुरेने विचारले, "आई बरी होईल?"

"होईल. पण तोडलेला दाणा पुन्हा जडत नाही, आणि तेवढा प्रकाश कायमचा कमी होतो. चित्रेच्या प्रकाशाने रात्री कोवळ्या दाण्यांत दूध भरतं. इथला एक दाणा गेला, की पुढच्या साली कुठल्या तरी एका शेतातल्या साऱ्या ओंब्या पोकळ राहतील."

"कुणाच्या शेतातल्या?"

"ते मलाही ठाऊक नसतं."

मथुरेने ओंबी हातात घेतली. आईचा कृश, पांढुरका चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिचे नख एका दाण्यावर टेकले. किती सोपे होते! पण मग तिला ते दुसरे शेत दिसू लागले. तिथेही कोणी मुलगी सरवा वेचायला येईल. दिवसभर वाकून ओंब्या गोळा करील, त्या तळहातावर चोळील आणि फुंकर घालील. तेव्हा नुसते तूस उडून जाईल आणि तळहात रिकामा राहील. तिच्याही घरी कोणी खाटेवर निजलेले असेल.

नख दाण्यावरून मागे आले. मथुरेच्या गालांवरून दोन आसवे ओघळली. ती तिने पुसली नाहीत.

"घ्या," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी ओंबी उंच धरली. "मी उद्या जास्त वेळ वाकीन."

ओंबी तिच्या तळहातांवरून तरंगत निघाली. झाडांच्या शेंड्यांवरून, टेकडीच्या माथ्यावरून ती वर गेली आणि कन्येच्या मोकळ्या हातात जाऊन बसली. पूर्व दिशा उजळली. परी मात्र मथुरेच्या मनगटावर उभी राहिली.

"आता माग."

"पण मी दाणा तोडला नाही."

"म्हणून तर. न तोडता जो ओंबी परत देतो, त्याला कन्या स्वतःच्या पदरचा वर देते. त्यात कुणाच्या शेताचं काही जात नाही. हा नियम आधी सांगायचा नसतो. सांगितला तर लोभी माणूसही साळसूदपणे ओंबी परत करील. मात्र एकाच श्वासात मागायचं, आणि एकदाच."

मथुरेने श्वास घेतला. "आईला उठून बसता येऊ दे, चालायला मी शिकवीन."

परी म्हणाली, "एका श्वासात सबंध राज्य बसलं असतं गं."

"राज्यात गेले तर लापशी कोण ढवळील?"

परी हसली. तिच्या हसण्याने घुंगुरवाळे रुणझुणावे तसा नाद झाला. तिचे पंख रुपेरी झाले, मग सोनेरी, मग नुसता शुभ्र झोत उरला आणि आकाशात मिसळून गेला. मथुरेच्या केसांवर, पापण्यांवर चंदेरी भुकटी भुरभुरली.

ती धावतच घरी आली. सगुणाबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या.

"मथुरे, धुळीचे पाय तसेच घेऊन आत येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

मथुरेने निमूटपणे पाय धुतले आणि मग आईच्या कुशीत डोके खुपसून ती पोटभर रडली. नंतर तिने अकरा ओंब्या सुपात चोळल्या. दाणे पडतच राहिले, सूप काठोकाठ भरले. न मागितलेलेही कन्येने दिले होते. तो गहू पंधरा दिवस पुरला.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी सगुणाबाईंनी लेकीचे दोन्ही हात धरून जमिनीवर पाय टेकले. पाय लटपटले.

"उजवा आधी, आई. घाई नको. खाली बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं."

"हे सगळं मीच तुला सांगत होते गं, तू एवढीशी होतीस तेव्हा."

"म्हणूनच मला येतं," मथुरा म्हणाली, आणि आईसाठी जागा करीत एक पाऊल मागे सरकली.