सात दिवाळ्यांचा रंग

ज्या काळी खेळणी मनातलं बोलत असत, तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या प्लॅस्टिकच्या मावळ्याला दरवर्षी जुन्या रंगावरच नवा रंग देत. सात थरांनी त्याची ऐट वाढली, पण नाक-डोळे पार बुजून गेले.

यंदा त्याला साबणाच्या पाण्यात भिजवून दात घासायच्या जुन्या ब्रशाच्या हवाली केलं.

"ब्रशदादा, रंग गेला तर माझं राहील काय?" मावळा कळवळला.

"ते बघू. आधी डोळे मीट, फेस जाईल."

"मिटू कुठले? ते कधीच बुजलेत!"

ब्रश हसला आणि घासत राहिला. शेवटचा थर निघाला, तशी कोरीव मिशी दिसली, डोळे उघडले. मावळ्याने समोर पाहिलं.

"दादा, तुमचे निम्मे केस झडले की!"

"सात थर होते रे," ब्रश हळूच म्हणाला.