डोमा ढीवराने वळवलेली पोरं

फार मागची गोष्ट. तेव्हा वैनगंगेवर कुठेच पूल नव्हता आणि आमघाटच्या माणसाला पैलतीर गाठायचं तर डोमा ढीवराच्या डोंग्यात बसावं लागे.

त्या काळी पैलतीरच्या रानात एका माणसाने तळ ठोकला होता. स्वतःला नायक म्हणवून घेई. आपल्या पंथाबाहेरची माणसं ही माणसंच नव्हेत, त्यांची घरं जाळणं पुण्याचं, असं तो शिकवी. त्याचे हस्तक बाजारात फिरत आणि घरादारात पाणउतारा झालेली, एकटी पडलेली पोरं हेरून जवळ करत. डोमाचा मुलगा चिंधू त्यांतलाच एक.

एके सकाळी चिंधू गावातली आणखी चार पोरं घेऊन घाटावर आला. कामाला जातो म्हणाला. पोरगा एकदाचा मार्गी लागला म्हणून डोमा खुशीत होता. त्याने स्वतःच्या हाताने पाचही जणांना पार नेलं.

महिन्याभरात त्या पाच पोरांनी नायकाच्या सांगण्यावरून पैलतीरचं खैरी गाव जाळलं. बत्तीस माणसं गेली. चवताळलेल्या लोकांनी चार पोरांना तिथेच मारलं आणि चिंधूला झाडाला बांधलं. डोमा धावत गेला. असं का केलंस, एवढंच त्याने विचारलं.

"त्यायनं मले नावानं हाक मारली, बा," चिंधू म्हणाला. "तू तर 'ए' म्हणूनच बोलावत होता."

दुसऱ्या दिवशी चिंधूला फासावर चढवलं.

त्यानंतर डोमाने तळाकडे निघालेल्या एकाही पोराला डोंग्यात बसायला नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं तर पोहून जातील, हे तो जाणून होता. तो पोराला समोर बसवी, नाव विचारी आणि सावकाश वल्हं मारी. असं म्हणतात, तेव्हा नदी रुंद होई. सूर्य कलला तरी काठ दिसत नसे. पोर आधी चिडे, मग बोलू लागे. कुणाचं शेत काकाने बळकावलेलं, कुणाला भर पंचायतीत मुस्काटात बसलेली. डोमा उपदेश करत नसे, ऐकत असे. असं म्हणतात, बोलणं संपलं की काठ दिसे, आणि तो आमघाटचाच असे. मग डोमा त्या काकाच्या दारात जाऊन बसे, निवाडा होईपर्यंत उठत नसे.

नायकाने चिडून त्याचे दोन्ही हात तोडवले. असं म्हणतात, पुढे डोंगा आपोआप चाले. तळ ओस पडला. पण त्या पाच पोरांना त्यानेच पार नेलं म्हणून गावाने डोमाच्या हातचं पाणी आधीच टाकलं होतं, ते हात गेल्यावरही त्याला पंगतीला बोलावलं नाही. तो घाटावरच मेला, एकटा.

आता तिथे त्याच्या नावाचा दगड आहे. उतारूचं नाव विचारल्याशिवाय आमघाटचा नावाडी आजही दोर सोडत नाही. विचारायचं आणि पुरतं ऐकायचं, ही डोमाची आण.

चिंधूसोबत गेलेल्या त्या चार पोरांच्या घरातली माणसं मात्र त्या घाटावर पाय ठेवत नाहीत. दोन कोस वर जातात, आणि कमरेएवढ्या पाण्यातून नदी ओलांडतात.