वळणावरच्या पांढऱ्या रेघा

"सगळे हो म्हणाले, बाबा. मग तुम्ही उठून का गेलात?"

वाडीतले जाणते पदूबाबा बांबू सोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"बत्तीस घरं. एकाचाही नकार नाही. नियम तुमचाच ना?" जैतूनं पुन्हा विचारलं.

नियम बाबांचाच होता. खाणीविरुद्ध वाडी उभी राहिली त्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं, एका घरानं जरी नको म्हटलं, तरी ते काम करायचं नाही. दोन वर्षं वाडी तशीच चालली. एकेका ठरावाला चार-चार दिवस लागत. तंबाखू संपे, भांडणं संपत नसत.

काल मात्र घटकाभरात झालं. जैतू उभा राहिला आणि म्हणाला, "परवा सकाळी घाटाच्या वळणावर सगळ्यांनी आडवं व्हायचं. काळूदादा डंपरखाली गेला, तिथंच."

भाऊ जाऊन नऊच दिवस झाले होते. बत्तीस घरांनी माना खाली घालून हो म्हटलं.

"भरलेला डंपर. उताराचं वळण," बाबा म्हणाले. "ब्रेक लागतो?"

"लागायला पाहिजे."

"काळूच्या वेळी लागला?"

जैतूनं गळ्यातला गमछा आवळला.

बाबांनी कोयता खाली ठेवला. "कबड्डीच्या मैदानाची पांढरी फक्की आण. कुणी कुठं आडवं व्हायचं, जागा आखून ठेवू. उद्या ढकलाढकली नको."

जैतूचा चेहरा उजळला. म्हातारा वळला म्हणायचा.

बाबांना घेऊन वळणावर आल्यावर त्यानं पहिली रेघ स्वतःची ओढली. सरळ, डांबरावर पुरुषभर लांब.

"पुढची?"

"चाहूकाका," जैतू म्हणाला.

"ओढ. त्याचा पाय अधू आहे, कडेला घे."

जैतूनं कडेला घेतली. कडेला दरी होती. त्यानं ती रेघ पुसून आत घेतली.

"पुढची?"

"हिरूकाकी."

"हं. काळूच्या घरातून कोण?"

"वहिनी." तिनंही काल हो म्हटलं होतं.

जैतू वाकला. मूठ उघडली, पण हात पुढे सरकेना. फक्की एकाच जागी पडत राहिली. नुसता ढीग झाला.

"बाबा... केवढी ओढू?"

बाबा दरीकडे बघत होते.

जैतू तिथंच बसला. नऊ दिवसांत त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता तो लहान पोरासारखा रडला, नाक शर्टाला पुसत, लाज न बाळगता. रडता रडता पायानं एकेक रेघ पुसून टाकली. छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं त्याला झालं.

"नको, बाबा. माझ्या घराचा नकार."

"मग जा, सांग वाडीला."

"ठराव मीच मांडलेला. तोंडावर थुंकतील लोक."

"गळ्यात गमछा आहे ना? पुसायचं."

जैतू वाडीत गेला. पारावर माणसं बसली होती, पण बोलत कुणीच नव्हतं.

"एका घराचा नकार आलाय," तो म्हणाला.



"म्हणजे उद्या जायचं नाही?" चाहूकाकानं विचारलं.

"नाही."

"बरं," चाहूकाका म्हणाला आणि घराकडे तोंड करून ओरडला, "अगं ए, चहा टाक. साखर घाल जरा, सकाळपासून नुसतं कडू पाजतेस."

कुणीतरी हसलं. दारात उभी असलेली वहिनी उंबऱ्यावर हळूच टेकली, डोक्यावरचा हंडा उतरवून बसावं तशी.

चहा येईपर्यंत पाच जणांनी सात उपाय सांगितले होते. हिरूकाकी म्हणत होती, डंपर वर चढतानाच अडवू, रिकामे असतात, हळू असतात. चाहूकाका म्हणत होता, तुला काय कळतं. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

जैतू बाबांकडे परत आला. बाबा पुन्हा बांबू सोलत होते. पारावरची भांडणं इथवर ऐकू येत होती.

"बाबा, नकार कुणाच्या घराचा, ते कुणी विचारलंच नाही."

बाबांनी एक कांब उजेडात धरून पाहिली.

"काल नुसत्या माना हलल्या. आता बोलले सगळे."