होईल, महाराज

एका राज्यात राजाला कोणी कधी नकार देत नसे, आणि ह्याचा त्या राजाला फार अभिमान होता.

राजाचे नाव रुद्रसेन. बारा वर्षांपूर्वी त्याने भस्मकेतू नावाच्या जादूगाराला सांगितले होते, "माझ्या चाकरांनी मला अडवू नये." जादूगाराने सगळ्यांच्या जिभेवरून 'जमणार नाही' हे दोन शब्द उचलले आणि तांब्याच्या डबीत कोंडले. तेव्हापासून राजाने काहीही फर्मावले तरी एकच उत्तर येई, "होईल, महाराज." ह्यात चाकरांचे काय होईल, हे राजाने विचारले नाही. राजेलोक असले प्रश्न विचारत नाहीत.

चाकरांचे होई ते असे. पेलवेल त्याहून जास्त काम अंगावर घेतले की माणूस दगड होऊ लागे. आधी मान अवघडे, मग खांदे, मग जबडा. झोप उडे, घास गिळवेना. एके दिवशी दगड काळजापर्यंत पोचे आणि माणूस होता तिथेच उभा राही. राजवाड्याच्या अंगणात अशी एकेचाळीस माणसे आणून ठेवलेली होती. राजा त्यांना पुतळे समजे, आणि खरे सांगायची कोणाची छाती नव्हती.

हैबती हा राजाचा रंगारी. सात दिवसांत हजार पताका लाल रंगवायचा त्याला हुकूम झाला होता. चौथ्या दिवशी सकाळी त्याची बायको चिमणा भाकरी घेऊन आली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर खांदा गार आणि खरखरीत लागला.

"अहो, हे कधीपासून?"

"काम संपलं की जाईल," हैबती म्हणाला. त्याचा जबडा नीट उघडत नव्हता.

नवरा दोन दिवसांत त्या अंगणात जाऊन उभा राहील, हे तिला लख्ख दिसले. ती तशीच डबी मागायला जादूगाराच्या डोंगराकडे निघाली.

वाटेत नदीकाठी टिटवी बसली होती. टिटवी म्हणाली, "तो डबी देण्याआधी तीन कामं सांगेल. पहिली दोन अवघड आहेत. तिसरं अजून कोणालाच जमलेलं नाही."

"मग मी काय करू?"

"मी सांगितलं ते नीट ऐक," टिटवी म्हणाली आणि उडून गेली.

भस्मकेतू डबी मांडीवर घेऊन गुहेच्या तोंडाशी बसला होता. त्याच्या मागे गुहेत तेरा दगडी माणसे होती. ती डबी मागायला आलेली.

पहिले काम, खोलीभर सुताचा गुंता सोडवायचा. "होईल," चिमणा म्हणाली, आणि तिने तो सोडवला. तिची मान अवघडली. दुसरे काम, साप राहत होता त्या विहिरीतून शंभर घागरी पाणी काढायचे. "होईल." तेही झाले. खांदे जड झाले.

"आता ह्या गुहेतला अंधार झाडून बाहेर काढ," जादूगार म्हणाला आणि त्याने केरसुणी पुढे केली.

"होईल," चिमणाच्या तोंडून निघून गेले. बारा वर्षांची सवय ती. ती झाडू लागली. झाडावे तेवढा अंधार वाढे. दात एकमेकांवर घट्ट बसले, श्वास अर्ध्यातच अडकू लागला. चौदावी जागा मोकळी होती, ती तिने पाहिली. आणि तेव्हा टिटवीचे बोलणे तिला कळले: तिसरे काम करायचे नव्हते, सोडायचे होते.

तिने केरसुणी खाली ठेवली. बोटे सुटता सुटेनात, पण ठेवली, आणि ती जमिनीवर बसली. डबी खडखडली, झाकण उडाले.

"मला जमणार नाही," चिमणा म्हणाली.

भस्मकेतू राखेसारखा विखुरला. तेरा माणसे खोकत खाली बसली. चिमणा मात्र थांबली नाही.

ती हैबतीच्या रंगखान्यात पोचली तेव्हा राजा तिथे उभा होता. "आणखी पाचशे पताका हव्यात," तो म्हणत होता. हैबतीच्या छातीवर दगड चढत होता.

"अहो, शब्द सुटले आहेत," चिमणा त्याच्या कानाशी म्हणाली. "पण ते तुम्हालाच बोलावे लागतील."

हैबतीने राजाच्या तलवारीकडे पाहिले. त्याला मरणाची भीती वाटली. त्याहून जास्त भीती राजाच्या कपाळावरच्या आठीची वाटली.

"महाराज, जमणार नाही."

राजाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला आणि तिथेच राहिला. बारा वर्षांत असे काही ऐकल्यावर काय करतात, हे तो विसरला होता.

"मग किती जमतील?" त्याने विचारले.

"सगळ्या मिळून तीनशे. आणि मला आज झोपायचं आहे."

"बरं," राजा म्हणाला.

हैबतीचे खांदे खाली आले, आणि तो चिमणाचा हात धरून रडला. राजाचे ते 'बरं' ऐकून बाहेर अंगणात एकेक माणूस हलू लागला. राजा धावत गेला. आपले पुतळे कोण होते, हे त्याला तेव्हा समजले.

सर्वांत जुना होता धान्यकोठीचा म्हातारा कारभारी, अकरा वर्षे उभा. त्याने डोळे उघडले, राजाला पाहिले आणि घाईघाईने पागोटे सावरले.

"महाराज," तो घाबरून म्हणाला, "मला उशीर झाला का?"

राजाने म्हाताऱ्याचा हात धरला आणि त्याला त्याच्या घरी पोचवायला तो स्वतः निघाला.