सावळीच्या अंड्यांचं बारसं

कातळावर अजून माणसाचं पाऊल पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका उथळ डबक्यात इवल्या इवल्या झिंग्यांची वस्ती होती. पोटाखालच्या पिशवीतली अंडी उन्हात धरायची आणि पातळ कवचातून पिल्लांचे डोळे दिसले की थाटात बारसं करायचं, अशी तिथली रीत.

सावळी नावाच्या झिंगीच्या अंड्यांचं बारसं मात्र काही होईना. ती अंगातल्या रसाचा एक थर अंड्यांवर द्यायची, तो घट्ट झाला की वर दुसरा द्यायची. अंडी मातकट आणि टणक झाली. आतलं काही म्हणता काही दिसेना.

"अगं, अंडी आहेत की खडे?" थोरली जाऊ म्हणाली. "चारचौघांत दाखवायचं काय?"

"पाणी कोमट लागतंय, जाऊबाई. आटलं तर?"

"शुभ बोल की जरा! बारशाच्या घरी असलं बोलतात?"

सावळीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने आणखी एक थर चढवलाच, आणि अंडी मुकाट्याने चिखलात सोडली.

पाणी आटलं. सावळी गेली, जाऊ गेली, बारसं झालेली सगळी पिल्लंही गेली. चिखल तापून भेगाळला.

पुढे डबकं पुन्हा भरलं आणि सावळीच्या लेकी टरफलं फोडून बाहेर आल्या. मोठ्या झाल्यावर तळाशी पडलेली ती जाड टरफलं बघून त्यांनी नाकं मुरडली.

"आईला मेली कसली हौसच नव्हती," एक म्हणाली. "आपण बाई कवच पातळच ठेवू. निदान पिल्लांचे डोळे तरी दिसतील."